बोडक्याचं फूल

सासूबाईंनी सुनेच्या हातांचा निकाल लावला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "हिच्या हाताला गुण नाही," असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला. कोर्टात निदान वर दाद मागता येते. या घरात वर कोणी नव्हतंच, सासूबाईच होत्या.

गुन्हा काय, तर पाणी घातलं. सासूबाईंच्या खोलीत खिडकीला लागून लांब फळी होती आणि त्या फळीवर त्यांचं सगळं राज्य मांडलेलं होतं. मुठीएवढ्या कुंड्यांतले निवडुंग, कोणी गोल, कोणी उभा, कोणी अंगभर पांढरे केस वाढवलेला. त्यांच्यापुढे जाड, गरगरीत पानांची ती बुटकी झाडं, जी दिसायला लाडावलेली असतात आणि जगतात मात्र उपाशी. सासूबाई चार दिवस बाहेरगावी गेल्या होत्या. नव्या सुनेला वाटलं, आपण असं काहीतरी करून ठेवावं की आल्यावर त्यांनी पाठीवरून हात फिरवावा. म्हणून तिने सगळ्या कुंड्यांना भरभरून पाणी घातलं, आणि दुसऱ्या दिवशी माती ओली असताना पुन्हा घातलं. तेही ऐन थंडीत. थंडीत ही झाडं झोपतात आणि झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर तो गुदमरतो, हे तिला सांगणार कोण? बघता बघता अर्धी फळी कुजून खाली बसली.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एकेक मेलेलं झाड उपटून वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि मग ते वाक्य म्हणाल्या. त्यानंतर ते वाक्य घरात राहायलाच आलं. दूध नासलं, हाताला गुण नाही. नवऱ्याला ताप आला, हाताला गुण नाही. घड्याळ बंद पडलं तरी सासूबाई तिच्याकडे अशा बघायच्या, की जणू तिनेच काटे धरून ठेवलेत.

आता गंमत अशी, की बाहेर याच हातांचं नाव होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगाची कड घासायची, चौकटीत बसवायची, डोळ्यात तेल घालून तो तिळाएवढा स्क्रू आवळायचा. बिनकाठाचा चष्मा आला की मालक दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. "ताईंकडे द्या," म्हणायचे, "त्यांच्या हातून आजवर काच फुटलेली नाही." दुकानात ताई, घरात बिनगुणाची. उंबरठा ओलांडला की तिचे हात बदलायचे की काय, देव जाणे.

आणि नवरा? नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्याचा धंदा, पण घरात कोणी अडकलं तर त्याच्याकडे एकच हत्यार होतं: "जाऊ दे ना." आई असं म्हणाली, जाऊ दे ना. बायको रडली, जाऊ दे ना. तिने मनातल्या मनात त्याचं नावच 'जाऊ-दे' ठेवलं होतं.

मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ते जेमतेम जुळतंय तोवर काचबिंदूने उरलेली नजर खाल्ली. उजेड, अंधार आणि रंगाचा एखादा डाग, एवढंच त्यांना दिसायचं. सून भिंगांच्या दुकानात काम करणारी, पण जगातलं कुठलंही भिंग त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. बाई पलंगाला खिळल्या. त्यांचं भांडं, त्यांची अंघोळ, त्यांची औषधं सगळं सुनेकडे आलं, आणि त्याबरोबर फळीही आली. दुसरं होतंच कोण? लेक सासरी, दूरच्या शहरात, आणि मुलगा जाऊ-दे.

सुरुवातीला त्या पलंगावरून हुकूम सोडायच्या. "वरून ओतू नकोस, ताटलीत पाणी घाल, खालून पिऊ दे. मातीत बोट घाल. अजून आत घाल. कोरडी आहे? मग उद्या परत बघ." सून शिकली. वाळू आणि खडी किती मिसळायची, कुजायला लागलेलं झाड कुठे कापायचं आणि कापल्यावर दालचिनीची पूड का लावायची, गळलेलं पान कोरड्या मातीवर नुसतं टाकून ठेवलं तर त्याच्या टोकाला इवलंसं पिल्लू कसं फुटतं. आणि शिकता शिकता तिला ती झाडं आवडायला लागली. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सकाळी चहा व्हायच्या आधी ती फळीपाशी उभी राहायची. त्या वेळी तिला कोणी काही मागत नसे, आणि ही तर मागणारी जातच नव्हती.

फळी भरली. पूर्वी कधी नव्हती इतकी भरली. सासूबाईंना हे चाचपून कळायचं. त्यांची बोटं सुयांमधून अशी फिरायची की एक काटा टोचेल तर शपथ. एका सकाळी त्यांनी पिल्लांनी गच्च झालेली कुंडी कितीतरी वेळ चाचपली. सून श्वास रोखून उभी. सासूबाई म्हणाल्या, "चिवट आहेत माझी झाडं. कोणाच्याही हातात जगतात."

या फळीचा राजा होता बोडका. त्याला काटेच नव्हते, म्हणून बोडका. चपटा, आठ फाकांचा, अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मधोमध लोकरीचा बारीकसा झुबका. सासूबाईंनी तो बियांपासून वाढवला होता, आणि बिया होत्या त्यांच्या आईच्या झाडाच्या. आईच्या झाडाला दरवर्षी पिवळंजर्द फूल यायचं. याला एकदाही आलं नव्हतं. सासूबाईंनी त्याला कायम उशापाशी, मानाच्या जागी ठेवलं होतं, आणि तिथे ऊन पोचत नव्हतं. पण त्यांना हे कोण सांगणार? त्या म्हणायच्या, "येईल. वेळ आली की येईल."

सुनेने न विचारता बोडका स्वयंपाकघराच्या खिडकीत नेला. सगळी थंडी त्याला एक थेंब पाणी दिलं नाही. उन्हं तापायला लागली तसं थोडं थोडं दिलं. रोज सकाळी त्याला सासूबाईंच्या हाताखाली नेऊन ठेवायचं, त्यांचं चाचपून झालं की परत उन्हात. आणि एक दिवस त्या लोकरीच्या झुबक्यात तिला एक बारीक टोक दिसलं. तिने दुकानातलं, घड्याळजी वापरतात तसलं भिंग आणलं, डोळ्याला लावलं. कळी होती.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

सासूबाईंना तिने सांगितलं नाही. इथेच चुकलं, असं म्हणायचं तर म्हणा. तिला वाटलं, कळीचं काय सांगायचं, गळून गेली तर पुन्हा तेच ऐकावं लागेल. फूल पुरतं उमलू दे. मग त्यांचं बोट धरायचं, अलगद पाकळ्यांवर टेकवायचं आणि काही बोलायचं नाही. त्यांनीच बोलायचं. त्यांना बोलावंच लागेल. बाई, इतकी वर्षं ज्या हातांना नावं ठेवली, त्याच हातांनी तुमच्या आईचं फूल आणलंय. दुकानात काच घासता घासता ती हे मनात शंभरदा घोळवायची आणि एकटीच हसायची. मालकांनी विचारलं, "ताई, घरी काही शुभवर्तमान?" ती म्हणाली, "आहे म्हणा."

त्याच आठवड्यात नणंद आली.

नणंद म्हणजे बेबी. चाळिशी उलटलेली, केसांना रंग लावणारी बेबी. वर्षातून एकदा यायची आणि आली की घरात वाऱ्यासारखी फिरायची. वाईट नव्हती हो ती, उगाच कशाला खोटं बोला. हसरी होती, मोकळी होती, वहिनीला साडी आणायची. फक्त जिथे जाईल तिथलं सगळं आपलंच समजायची. अलीकडे तिने धंदा काढला होता: चहाच्या कपांत, शंखांत, काचेच्या गोळ्यांत छोटे निवडुंग लावायचे, रिबीन बांधायची आणि वाढदिवसाला भेट म्हणून विकायचे. धंदा जोरात चालला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून दुकानातून आली तर सासूबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. बसल्या होत्या, लक्षात घ्या. एरवी त्यांना बसवताना नाकी नऊ यायचे. तोंडावर असा आनंद, की सून दारातच थबकली.

"सूनबाई, ये, ये, बघ! बेबी आली आणि बोडक्याला फूल आलं!"

मांडीवर कुंडी होती. बोडक्याच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, गुलाबी फूल. कागदासारखं वाळकं, रंगात बुडवलेलं, बाजारात पिशवीने मिळतं तसलं. त्याच्या बुडाशी सुकलेल्या गोंदाचा कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागा लोंबत होता. सासूबाईंच्या मागे उभी राहून बेबीने वहिनीला डोळा मारला आणि ओठांवर बोट ठेवलं.

स्वयंपाकघरात गेल्यावर सुनेने दार लोटलं. "हे काय केलंत?"

"अहो वहिनी, गंमत! ग्लू गन पिशवीतच असते माझ्या. सगळे तसेच विकतात. गिऱ्हाइकाला फूल लागतं ना." बेबी हसत होती. "आईचं तोंड बघितलंत का? किती वर्षांत असं हसली नव्हती."

"त्याच्याखाली कळी होती."

"कळी? छे. लोकरीसारखं काहीतरी होतं, त्यात एक काळपट टोक. ते नखाने खरवडून काढलं मी. नाहीतर गोंद धरत नाही."

सून ओट्याला धरून उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, ताट भिरकावायचं होतं, त्या रंगवलेल्या केसांना धरून बेबीला खिडकीपाशी न्यायचं होतं. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंची हाक आली, "बेबी, इकडे ये गं, माझ्यापाशी बस," आणि बेबी गेली. रात्री सुनेने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो काय म्हणाला ते तुम्ही ओळखलंच असेल.

बेबी परत गेली. फूल राहिलं. रोज सकाळी सून कुंडी सासूबाईंच्या हाताखाली ठेवायची. पूर्वी त्या झाड सगळं चाचपायच्या, आता फक्त वरच्या फुलाला बोट लावायच्या. "आहे ना फूल?"

"आहे."

काय सांगणार? खरं सांगितलं तर लेकीवर जळते म्हणतील. गप्प बसावं तर गोंदाखाली ती जखम ओली राहणार, हवा लागणार नाही, आणि झाड आतून सडणार. मग ते सडलं की कोणाच्या नावावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तिने मूग गिळून बरेच दिवस काढले. मग एका सकाळी गोंदाच्या कडेने तपकिरी रंग उतरताना दिसला, आणि तिचा धीर सुटला. झाडासाठी सुटला म्हणा, नाहीतर स्वतःसाठी. ती पलंगाच्या कडेला बसली.

"आई, एक सांगायचंय. रागावू नका. हे फूल खरं नाही. बेबीताईंनी चिकटवलंय."

सासूबाईंचं बोट फुलावरच होतं.

"तुम्हाला खूश करायला केलं त्यांनी. पण झाड सडायला लागलंय आई. आत्ता काढलं तर वाचेल. वरचं कापते, दालचिनी लावते..."

"मला काय खुळी समजतेस?" सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "उभा जन्म काट्यांत गेलाय माझा. वाळकं फूल हाताला कळणार नाही मला? आणि आईच्या झाडाचं फूल पिवळं असायचं. हा डाग गुलाबी आहे, एवढं दिसतं अजून."

सुनेच्या तोंडात मारल्यासारखं झालं. "तुम्हाला माहीत होतं?"

"ती खरवडत होती तेव्हा मी इथेच होते. डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग थांबवलं का नाहीत? आई, खाली खरी कळी होती!"

"ठाऊक आहे. तुझ्या आधी माझ्या बोटाला लागली होती."

इतक्या दिवसांत रोज सकाळी ती कळी दोघींच्या हाताखालून गेली होती, आणि दोघींपैकी एकीनेही चकार शब्द काढला नव्हता.

"बोलला का नाहीत मग?"

"बेबी यायची होती." सासूबाईंनी मान खिडकीच्या उजेडाकडे वळवली. "म्हटलं, तिच्यासमोर उमलेल. तिला वाटेल, आपण येतो म्हणून घरात काहीतरी होतं. वर्षातून एकदा येते बिचारी. आता तिने स्वतःच्या हाताने काहीतरी केलं माझ्यासाठी, तर ते उपटून टाकू? इतकी आनंदात होती पोरगी."

"आणि मी?" हे सुनेच्या तोंडून निघून गेलं. आवाज चिरकला. "ती कळी मी आणली होती आई. थंडीभर मी जपलंय त्याला. मी!"

"तुझं काय," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हेच तर वाईट. "तू काय, रोजचीच."

सून उठली. दाराशी जाऊन परत वळली. "काढू का फूल? शेवटचं विचारते."

"हात लावू नकोस. माझं झाड आहे."

तिला काढता आलं असतं. मागून पातं घालून, सडका भाग कोरून, फूल परत वर टेकवून ठेवलं असतं तर म्हातारीला पत्ता लागला नसता. तिळाएवढे स्क्रू बसवणारे हात होते ते. पण तिने नाही केलं. झाडाचा काय दोष होता? काहीच नव्हता. तरीही नाही केलं. रोज सकाळी ती कुंडी न्यायची, आणायची आणि तपकिरी रंग किती खाली उतरला ते बघायची. आयुष्यात पहिल्यांदा ती एक झाड जाणूनबुजून मरू देत होती, आणि तिला रडू येत नव्हतं. आतून नुसती आग होत होती. नवऱ्याने एकदा विचारलं, "तोंड का असं?" ती म्हणाली, "जाऊ दे ना." तो बिचारा दचकला.

फाका मऊ पडल्या. मग सुरकुतल्या. मग आतलं सगळं पाणी होऊन गेलं आणि नुसती कातडी उभी राहिली. आंबूस वास यायला लागला. सासूबाईंच्या नाकाला तो कळत नव्हता असं कोण म्हणेल? पण त्यांचं बोट फुलाच्या खाली उतरायचं नाही. फूल मात्र होतं तस्सं. त्याला काय धाड भरली होती.

त्या दिवशी सुटी होती. सून कुंडी घेऊन खोलीत येत होती तेव्हा सासूबाई फोनवर होत्या. पलीकडे बेबी. बाईंना फोन कानाला धरवत नसे, म्हणून तो उशीवर मोठ्या आवाजात ठेवलेला असायचा.

"आई, फूल आहे का गं अजून?" बेबी हसत विचारत होती.

"आहे म्हणजे काय! जसंच्या तसं आहे. एक पाकळी गळली नाही."

"वहिनींनी टाकलं नाही?"

"नाही गं. जिवापाड जपते ती." सासूबाईंनी तोंड उशीजवळ नेलं. "मी उगाच बोलायचे तिला. खरं सांगू का बेबी? हाताला गुण आहे हो हिच्या."

सून दारात उभी होती. हातात कुंडी, कुंडीत ती काळी, बसकी कातडी आणि तिच्यावर ते गुलाबी फूल. हे एक वाक्य ऐकायला तिने तारुण्य घालवलं होतं. थंड पाण्यात हात घातले होते, भांडी उचलली होती, काटे टोचून घेतले होते. आणि ते वाक्य आलं ते या फुलासाठी.

आणि तिच्या मेल्या मनाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलं. कान गरम झाले, छाती भरून आली, ओठांवर हसू आलं, दुकानात एकटीच हसायची तसंच. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, तरी आवरेना. स्वतःची इतकी किळस तिला आजवर कधी आली नव्हती.

"कोण? सूनबाई का?" सासूबाईंनी हात पुढे केला. "आण इकडे. फूल कसं आहे?"

"छान आहे," ती म्हणाली, आणि कुंडी त्यांच्या हाताखाली ठेवली.